क्लच, ब्रेक आणि पाकीट

ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यावर शिकवणाऱ्या सरांच्या हातात काय ठेवायचं? टिप, पेढे की नुसतं थँक्यू?

पास झाले! वय वर्षं २८, अटेम्प्ट दुसरा, पण झाले एकदाची.

नाशिक फाट्याजवळच्या टेस्ट ट्रॅकवरून बाहेर पडले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. समोर रस्त्याच्या कडेला आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी वॅगन-आर आणि तिच्या बॉनेटला टेकून उभे असलेले सर. हातात कटिंग. मी लांबूनच अंगठा वर केला. त्यांनी नुसती मान डोलावली. जणू मी गिरणीतून दळण आणायला गेले होते आणि आणलं!

आणि त्याच क्षणी आनंद-बिनंद बाजूला राहून मला सॉलिड टेन्शन आलं. कारण माझ्या पर्समध्ये एक पाकीट होतं. लग्नात देतात ना, वर गणपती छापलेलं आणि रुपया चिकटवलेलं, तसलं. घरात दुसरं सापडलंच नाही. आत हजार रुपये. म्हणजे तो रुपया धरून एक हजार एक. शिवाय पिशवीत अर्धा किलो पेढे. डोक्यात मात्र एकच किडा वळवळत होता. हे पाकीट द्यायचं का? आणि द्यायचं तर काय म्हणून?

तुम्ही म्हणाल, टिप द्यायला एवढा विचार कसला? बरोबर आहे. हॉटेलात बिलाच्या फोल्डरमध्ये नोट सरकवताना आपण विचार करत नाही. पार्लरमधल्या मुलीला, सिलिंडर चौथ्या मजल्यावर आणणाऱ्या माणसाला, धो धो पावसात पिझ्झा घेऊन येणाऱ्या पोराला आपण सहज देतो. पण ज्या माणसाला तीन आठवडे ‘सर, सर’ केलं, त्याला? सरांना कुणी टिप देतं का?

रात्री दोन वाजता

आधी थोडा फ्लॅशबॅक. मी पक्की टू-व्हीलरवाली. पुण्यात अ‍ॅक्टिव्हा असली की माणसाला आयुष्यात आणखी काही लागत नाही, असा माझा ठाम विश्वास होता. बाबांची गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असायची. काचबिंदूमुळे त्यांना कडेचं दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी स्वतःहून चालवणं सोडलं. पण दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू करून यायचे. ‘बॅटरी उतरते गं,’ म्हणायचे. आईने ‘विकून टाकू या का?’ म्हटलं की त्यांना अचानक ऐकूही कमी यायला लागायचं.

मागच्या वर्षी एका रात्री दोन वाजता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम, जीव घाबरा, सगळं. मी कॅब बुक केली. कॅन्सल. दुसरी केली. कॅन्सल. तिसरीचा ड्रायव्हर फोनवर विचारत होता, ‘कॅश की ऑनलाइन?’ आई बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणि आम्हा तिघांनाही एक गोष्ट माहीत होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. चार मजले खाली गाडी उभी आहे. बॅटरी चार्ज आहे. टाकी अर्धी भरलेली आहे. आणि घरात ती चालवणारं कुणी नाही.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधला इंजिनीअरिंगचा मुलगा हाफ पँटवरच धावत आला आणि त्याने गाडी काढली. बाबा वाचले. एक स्टेंट, चार दिवस हॉस्पिटल, आणि आता मिठावरून आईशी रोजचं भांडण. पण त्या रात्री हातात किल्ली घेऊन मी नुसती उभी होते, ते काही डोक्यातून जाईना. पुढच्या सोमवारी मी ड्रायव्हिंग स्कूल शोधायला बाहेर पडले.

पहिल्या स्कूलमध्ये काउंटरवरचा माणूस एकदम तयारीचा होता. ‘मॅडम, पॅकेजमध्ये सगळं इनक्लुडेड. लर्निंग, पर्मनंट, टेस्टचं चहापाणीसुद्धा. टेन्शन घ्यायचं नाही.’

‘आणि गाडी चालवायला कधी येईल?’

‘ती काय, येईल हळूहळू!’

मी थँक्यू म्हणून बाहेर आले. मला लायसन्स नको होतं. मला रात्री दोन वाजता गाडी काढता यायला हवी होती.

तो दुसरा पाय

दुसऱ्या स्कूलमध्ये हे सर भेटले. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. फी ६,३०० रुपये. दिवस २१. रोज अर्धा तास.

हे २१ दिवस काही स्कूलवाल्यांनी मनाने ठरवलेले नसतात बरं का! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येच ते लिहिलंय. खासगी गाडीचं ट्रेनिंग किमान २१ दिवस आणि त्यात प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १० तास. शिकवणारा किमान दहावी पास हवा, त्याला पाच वर्षांचा गाडी चालवण्याचा अनुभव हवा आणि शिवाय मोटार मेकॅनिकच्या कोर्सचं सर्टिफिकेट हवं. म्हणजे आपण ज्याला ‘तो ड्रायव्हिंगवाला’ म्हणतो, तो रीतसर क्वालिफाइड मास्तर असतो. फक्त त्याचा वर्ग कर्वे रोडवर भरतो आणि विद्यार्थ्याने चूक केली तर मागून पीएमपी येत असते.

‘मॅडम, क्लच दाबायला काय, कुणीपण दाबतो. सोडता आला पाहिजे. दुधावरची साय काढतो ना, तसा अलगद.’ हा पहिला धडा. पहिल्या दिवशी मी साय काढली नाही, पातेलंच उलटं केलं. गाडी पाच वेळा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली. सर खिडकीतून त्याला शांतपणे म्हणाले, ‘शिकतायत दादा. तुम्ही काय आईच्या पोटातून शिकून आला होता?’

तुम्ही शिकला असाल तर तुम्हाला माहीतच असेल, स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. पहिले आठ-दहा दिवस आपल्याला वाटतं, वा, काय भारी चालवतोय आपण! खरं तर निम्मी गाडी तो दुसरा पाय चालवत असतो. आणि तो पाय कधी उचलला गेला, ते आपल्याला कळतही नाही.

बाराव्या दिवशी नळस्टॉपला मागून अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन वाजला आणि माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. गाडी चौकात मधोमध बंद. सरांनी एका हाताने स्टिअरिंग धरून, स्वतःच्या पेडल्सवर गाडी कडेला घेतली. अ‍ॅम्ब्युलन्स निघून गेली आणि मी चक्क रडायला लागले. मग ती रात्र, कॅब, किल्ली, सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं. ना ‘होतं असं’, ना ‘रडू नका’. फक्त विचारलं, ‘बाबांची गाडी कुठली आहे?’

त्या रविवारी रात्री साडेनऊला ते आमच्या सोसायटीत हजर! स्वतःच लाल कागदाचा ‘एल’ कापून आणला होता, तो बाबांच्या गाडीला पुढे-मागे चिकटवला. म्हणाले, ‘चला. कोथरूड ते तुमचं हॉस्पिटल.’

‘सर, पण या गाडीत तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये.’

‘माहितीये मला. चला.’

त्यांचा उजवा हात पूर्ण वेळ हँडब्रेकवर होता, तेवढाच काय तो. आम्ही एरंडवण्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. कॅज्युअल्टीच्या दारात गाडी कुठे उभी करायची, पेशंट उतरला की लगेच कुठे हलवायची, मागे कशी घ्यायची, सगळं. परत आलो तर बाबा बाल्कनीत उभे. एवढ्या अंधारात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. पण इंजिनाचा आवाज ओळखला असणार. त्यानंतर आणखी दोन रविवार असेच. पॅकेजमध्ये हे काही नव्हतं आणि सरांनी पैशाचा विषयही काढला नाही.

पोस्त, चिरीमिरी वगैरे

टेस्टची तारीख जवळ आली तसा मी मैत्रिणींच्या ग्रुपवर प्रश्न टाकला, ‘ड्रायव्हिंगच्या सरांना टिप देतात का?’ झालं! दोन तास फोन थरथरत होता.

एचआरवाली मैत्रीण म्हणाली, ‘फी दिलीस ना? विषय संपला. डेंटिस्टला टिप देतेस का?’ बँकेतली म्हणाली, ‘जीपे कर पाचशे, एवढं काय!’ ही आयडिया बरी होती, पण गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कूलच्या मालकाचा. सरांसाठी म्हणून पाठवलेले पैसे जाणार मालकाच्या खात्यात! इंग्लंडमधली मामेबहीण म्हणाली, तिच्या ओळखीत तिकडे कुणी अशी टिप देत नाही. तिने स्वतः तिच्या इन्स्ट्रक्टरला एक कार्ड आणि चॉकलेटचा डबा दिला होता. आईचा निकाल लगेच लागला. ‘पेढे दे. शिक्षकाला पैसे देतात का? वाईट वाटेल त्यांना.’

गंमत बघा, वरचे पैसे द्यायला आपल्या मराठीत किती शब्द आहेत! खूष होऊन दिली ती बक्षिसी. वर्षभर राबणाऱ्या माणसाला दिवाळीला देतात ते पोस्त. काम अडू नये म्हणून सरकवायची ती चिरीमिरी. चहापाणी म्हणजे तीच चिरीमिरी, फक्त इस्त्री केलेली. आणि शिक्षकाला द्यायची ती गुरुदक्षिणा. पण तिथे एकलव्याचा अंगठा आठवतो आणि मला तर गिअर टाकायला अंगठा लागतो!

खरी गोची इथेच होती. माझ्या हातातलं पाकीट आणि त्या पहिल्या काउंटरवरचं ‘चहापाणी’, दोन्ही दिसायला सेम. ज्या गोष्टीला नाक मुरडून मी बाहेर पडले होते, तीच आता मी करत नव्हते ना?

बाबा बँकेत होते, राष्ट्रीयीकृत. त्यांना विचारलं. म्हणाले, ‘आमच्याकडे लोनवाले दिवाळीला मिठाईचे पुडे आणायचे. मी परत पाठवायचो. पब्लिक सर्व्हंटला काम झाल्यावर दिलेलंसुद्धा चालत नाही. टेस्ट घेणाऱ्या माणसाला साधा चहाही पाजायचा नाही, कळलं? तुझे सर सरकारी नाहीत. त्यांनी तुला पास करायचं नाहीये, शिकवायचंय. फरक आहे.’ फरक आहेच. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही सरळसरळ गुन्हेगार ठरतो, हे मी नंतर वाचलं.

‘आधी नको’

पहिल्या टेस्टच्या आदल्या दिवशी शेवटचा क्लास झाला. मी धीर करून पाकीट पुढे केलं. सरांनी दोन्ही हात मागे घेतले.

‘आधी नको.’

‘अहो सर, टेस्टचा काही संबंध नाही. ते रविवारचे...’

‘कशाचे का असेनात. आधी घेतले की मला तुम्हाला ओरडता येत नाही. आणि तुमचा चढ अजून कच्चा आहे.’

चढ कच्चाच होता. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर चढावर गाडी थांबवली, पुन्हा उचलताना साय काढायची विसरले आणि गाडी मागे घसरली. नापास! दोष ना ट्रॅकचा, ना कुणाचा. माझा.

बाहेर आले तर सर म्हणाले, ‘बरं झालं. इथे घसरली. तिथे मागे दुसरी गाडी असती.’ नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. त्या सात दिवसांत रोज सकाळी सहाला आम्ही पौड रोडने चांदणी चौकाच्या चढावर. थांबवा. उचला. थांबवा. उचला. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हणाले, ‘सर, बास ना आता!’ तेव्हा ते जे काही ओरडले, ते इथे छापता येणार नाही. पाकीट आधी घेतलं असतं, तर खरंच ओरडले असते का? मला नाही वाटत. आणि ते ओरडले नसते, तर मी शिकले नसते.

पेढे

तर आता पुन्हा त्या वॅगन-आरपाशी. मी आधी पेढ्यांचा बॉक्स काढला. सरांनी एक पेढा चिमटीत घेतला, त्यातला कणभर तोंडात टाकला आणि उरलेला कागदात गुंडाळला.

‘राग नका मानू ताई. डायबेटिस आहे मला. बारा वर्षं झाली.’

‘अरे बापरे! मग लोक देतात ते पेढे...?’

‘वॉचमनची पोरं खातात. सगळेच पेढे देतात हो. पैसे दिले तर मला वाईट वाटेल, असं वाटतं लोकांना.’

मी चूप. कारण त्या ‘लोकां’मध्ये आमची आई होती, आणि अर्धीमुर्धी मीसुद्धा. मग मी पाकीट काढलं. मनात अख्खा सीन तयार होता. ते नको म्हणणार, मी आग्रह करणार, ते पुन्हा नको म्हणणार, मग माझे डोळे भरून येणार. चांगली माणसं पैसे नाकारतात, हे आपण सिनेमात बघून पाठ केलेलं असतं ना!

सरांनी पाकीट घेतलं. सरळ. गणपती बघून कपाळाला लावलं आणि पेनामागे शर्टाच्या खिशात ठेवलं.

‘आता चालेल,’ म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसले. ‘काय झालं? नको म्हणायला पाहिजे होतं का?’

मी एवढी ओशाळले की सांगता सोय नाही. परत येताना गाडी मी चालवली, ते बाजूला. निगडीकडच्या ट्रॅफिककडे बघत मग ते स्वतःहून बोलले. गाडी मालकाची. डिझेल-पेट्रोल मालकाचं. यांना महिन्याचा पगार, विद्यार्थी आठ असोत की बारा. सकाळी साडेसहापासून दर अर्ध्या तासाला एक नवीन घाबरलेला माणूस. ‘पाय दुखतात का विचारतात लोक. पाय नाही दुखत. जीव दुखतो. दिवसभर दुसऱ्याच्या हातात असतो ना.’

मी गाडी चालवत राहिले. त्यांचे दोन्ही पाय पेडल्सपासून लांब, सीटखाली दुमडलेले होते. ते मी मुद्दाम बघितलं.

तर मग, द्यायची का?

तुमचाही क्लास चालू असेल, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी.

टिप कंपल्सरी अजिबात नाही. फी दिलीय, शिकवणं हे त्यांचं काम आहे. नुसतं पाट्या टाकणाऱ्याला दिली नाही तर मनाला लावून घेऊ नका.

द्यायची तर निकाल लागल्यावर. आधी दिलेल्या पैशाला वेगळा वास येतो, आणि सर ओरडायचे थांबले तर नुकसान तुमचंच. कुणी आधी मागितले तर सरळ नाही म्हणा. आणि टेस्टच्या ठिकाणी कुणालाही, कशासाठीही, एक रुपयासुद्धा नाही.

किती? माझा हिशोब सोपा होता. ६,३०० भागिले २१, म्हणजे एका दिवसाचे ३०० रुपये. तीन रविवार आले, त्याचे ९०० आणि वरचे शंभर माझ्या आनंदाचे. तुमचं बजेट टाइट असेल तर एका क्लासचे पैसे पुरेत. काही नसेल तर दोन विद्यार्थी पाठवा आणि मालकाला फोन करून त्या सरांचं नाव घ्या. पण जे काय द्याल ते त्यांच्या हातात द्या, डॅशबोर्डवरच्या क्यूआर कोडला नाही.

आणि शेवटची गोष्ट. पेढे देण्याआधी शुगर विचारा!

परवा बाबांना चेकअपला घेऊन निघाले होते. ते बाजूच्या सीटवर, उजवा हात हँडब्रेकजवळ. सवय, दुसरं काय. नळस्टॉपच्या सिग्नलला पुढे ओळखीची पांढरी वॅगन-आर उभी होती. सिग्नल हिरवा झाला. वॅगन-आरने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. आत कुणीतरी साय काढायला शिकत होतं. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. बाबा म्हणाले, ‘वाजव की तूपण!’

मी नाही वाजवला. सिग्नल पुन्हा लाल झाला. पुढच्या गाडीच्या डाव्या खिडकीतून अर्ध्या बाहीचा एक हात बाहेर आला आणि मागच्या सगळ्यांना ‘थांबा जरा’ अशी खूण करून पुन्हा आत गेला.